चालता कारखाना विकावा का? आधी खरा नफा काढा

धंदा जोरात असतानाच चांगलं गिऱ्हाईक येतं, आणि मालकाचा हिशेब तिथंच चुकतो. पुस्तकातला सगळा नफा तो धंद्याचा धरतो.

प्रोप्रायटरी (एकाच मालकाच्या नावावरच्या) वर्कशॉपचं उदाहरण घ्या. वर्षाचा नफा ६० लाख. मालक पगार घेत नाही. त्याच्या जागी मॅनेजर ठेवला तर १८ लाख लागतील. शेड घरची, तिचं बाजारभावानं भाडं ९ लाख. धंद्याचा स्वतःचा नफा उरला ३३ लाख. विकल्यावरही शेड आणि तुमची मेहनत तुमचीच राहते, म्हणून मिळणाऱ्या किमतीची तुलना ३३ लाखांशीच करा. (प्लॉट एमआयडीसीचा असेल तर शेड भाड्यानं देण्याआधी महामंडळाची परवानगी काढा.)

समजा, घेणारा या ३३ लाखांच्या चौपट देतोय: १ कोटी ३२ लाख. पुस्तकी नक्त मालमत्ता (मालमत्तेतून देणी वजा करून) ४० लाख, म्हणजे लाभ ९२ लाख. धंदा ३६ महिन्यांहून जुना आणि व्यवहार स्लम्प सेलचा (वस्तूनिहाय किंमत न लावता सगळा धंदा एकरकमी विकण्याचा) असेल तर १२.५ टक्के कर. अधिभार-उपकर धरून तेरा-चौदा लाख. हाती १ कोटी १८ लाख. सात टक्क्यांच्या एफडीत त्याचे वर्षाला सव्वाआठ लाख येतील. उलट धंदा ठेवला तर ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर भरून ३३ लाखांचे २३ च्या आत उरतात. सव्वापाच वर्षांत विक्रीची रक्कम वसूल, आणि कारखाना तुमच्याच नावावर.

तेव्हा प्रश्न एवढाच: हा नफा सहा वर्षं टिकेल का? निम्म्याहून जास्त ऑर्डरी एकाच कंपनीच्या असतील, किंवा मुख्य मशिनं दोन वर्षांत बदलावी लागणार असतील, तर आमचं मत विकण्याकडे झुकतं. नफा तुमच्याशिवाय येतो का, हेही तपासा: महिनाभर वर्कशॉपवर जाऊ नका, फोनही घेऊ नका. माल रवाना होणं अडलं तर ३३ लाख तुमच्याशिवाय येत नाहीत, आणि घेणाराही ते ओळखून भाव पाडेल.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कामगाराला द्यायची एकरकमी रक्कम, बहुतेक जण विसरतात. २० कामगार, बेसिक-डीए २५ हजार, नोकरी १० वर्षं: २५,००० × १५ ÷ २६ × १० म्हणजे माणशी १ लाख ४४ हजार, एकूण जवळपास २९ लाख. ही तरतूद पुस्तकात नसेल तर घेणारा किमतीतूनच कापतो. भाव ठरवतानाच ती मांडा.

कॅश क्रेडिटला (धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जाला) बहुधा तुमची वैयक्तिक हमी असते. धंदा विकला म्हणून ती आपोआप सुटत नाही. ताबा देण्याआधी बँकेचं हमीमुक्तीचं पत्र हातात घ्या.