इअरफोनचं रबर बदलताना

“अरे, यात खर्जच वाजत नाही. नवा आण बाबा.” आत्याने इअरफोन माझ्या हातात ठेवला. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात तिची सगळी हयात गाणं शिकवण्यात गेली. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा ऐकू येतात आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार गायब आहे, हे तिला लगेच कळलं. इअरफोन मात्र ठणठणीत होता. रबरं जुनी होऊन कडक झाली होती आणि डाव्याची कड चिरली होती.

कानाच्या आत जाणारा इअरफोन कानाचं छिद्र नीट बंद करतो, तेव्हाच खालचे सूर भरून येतात. फट राहिली की आतल्या हवेचा दाब बाहेर निसटतो आणि आवाज पातळ, कर्कश लागतो. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी 80 डेसिबलची मर्यादा आठवड्याला 40 तास अशी सांगितली आहे; फाटक्या रबरापायी ती ओलांडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी मूळ डबी शोधा. लहान, मध्यम, मोठी अशी जास्तीची रबरं बहुतेक वेळा तिच्यातच पडून असतात. नसली तर दुकानात जाताना जुनं रबर आणि इअरफोन दोन्ही न्या. आम्ही बाड्यावर, म्हणजे इथल्या बाजारात, गेलो तेव्हा नुसतं “मध्यम द्या” म्हणून भागलं नाही. रबराचं बाहेरचं माप कानासाठी असतं, आतल्या भोकाचं माप इअरफोनच्या नळीसाठी, आणि नळ्या कमी-जास्त जाड असतात. भोक सैल असेल तर रबर कानातच राहून जाईल. एअरपॉड्स प्रोसारख्यांची बसण लंबगोल असते, तिथे साधं गोल रबर चालत नाही.

जुनं काढताना रबर मुळाशी, नळीलगत चिमटीत धरा आणि हलकेच फिरवत ओढा. वायर किंवा इअरफोनचं अंग धरून हिसका देऊ नका. रबर निघालं की नळीच्या तोंडावरची बारीक जाळी दिसेल. आत्याच्या इअरफोनच्या जाळीवर मळाचा पिवळट थर बसला होता. जाळी जमिनीकडे धरून मऊ, कोरड्या ब्रशने झटका, म्हणजे मळ खाली पडतो, आत जात नाही. सुई, टाचणी, पाणी, काहीही तिथे लावू नका.

आता नवं रबर. इथेच बहुतेकांची बोटं घसरतात. छत्री वाऱ्याने उलटी व्हावी तशी रबराची बाहेरची झालर मागे उलटा, म्हणजे मधली नळकांडी उघडी पडते. ती एका बाजूने इअरफोनच्या नळीवर टेकवा आणि अंगठ्याने दाबत गोल फिरवत पुढे सरकवा. नळीच्या टोकाला बारीक कंगोरा असतो. रबर त्याच्या पलीकडे गेलं की बोटाला बारीकसा खटका जाणवतो. तो जाणवेपर्यंत थांबू नका. मग झालर पुन्हा सुलटी करा आणि रबर हलकेच ओढून पाहा. निघता कामा नये.

कानात घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, छिद्र सरळ होतं. मग ओळखीचं गाणं लावा. आत्याने अर्थातच तानपुरा लावायला सांगितला. उजव्या कानात मध्यम बसलं, डाव्यात मोठं लागलं. दोन कानांची मापं वेगळी असणं अगदी स्वाभाविक आहे, जोडी जुळवण्याचा हट्ट नको. दुखलं तर एक माप खाली या. वायरलेस असेल तर नव्या रबरासकट डबीचं झाकण नीट मिटतंय आणि चार्जिंग होतंय ना, तेही बघा.

सिलिकॉनची रबरं काढून कोमट साबणपाण्यात धुता येतात, पण पूर्ण वाळल्यावरच चढवा. फोमची पाण्यात बुडवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. फोम बोटांत वळून बारीक करायचा, कानात घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. आमच्याकडच्या जानेवारीच्या थंडीत तो आखडतो, तेव्हा आधी मुठीत जरा गरम करून घ्या.

आणि रबर कानात अडकलंच, सहज चिमटीत येत नसेल, तर काडीने कोरू नका. थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.