कपडे-आंघोळीच्या पाण्यावर जगणारी झाडं

साबणाचं पाणी बागेत सोडलं की नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढुरकी पापडी धरते. तिथे पाण्याला दोष देण्याआधी झाड बदलून बघा.

१. कण्हेर, बोगनवेल बिनधास्त लावा. कण्हेर तर खारं पाणीही सोसते. फक्त ती विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं पोचतील तिथे नको.

२. जिथे पाणी रोज पडतं, माती ओलीच राहते, तिथे कर्दळ किंवा केळ. माझा कौल कर्दळीला! मोरीच्या पाइपाच्या तोंडाशीही ती मस्त फोफावते.

३. अनंत, नेचे यांना आम्लधर्मी माती लागते आणि साबणाचं पाणी नेमकं उलट, अल्कधर्मी असतं. त्यांना साधंच पाणी द्या. कोवळ्या रोपांनाही.

पाणी बुंध्याशी मातीत सोडा, पानांवर नको. अधूनमधून साधं पाणी भरपूर द्या, म्हणजे साठलेले क्षार खाली उतरतात. पावसाळ्यात ते काम आपोआप होतं.

साबणाचं पाणी बादलीत 24 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, वास मारतं. आणि कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खायच्या भाज्यांना ते अजिबात घालू नका.