घोळणा फुटला: केसपेपरवरून आयसीडी कोड कसा काढावा

पेशंट खानापूरचा असो वा अथणीचा, तक्रार मराठीत सांगो वा कन्नडमध्ये. डॉक्टरांनी ‘एपिस्टॅक्सिस’ (घोळणा फुटणं, म्हणजे नाकातून रक्त येणं) लिहिलं की आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड आर०४.०. बरेच जण इथेच हात झटकतात. पण ‘आर’ हे लक्षणांचं प्रकरण आहे. कारण सापडलं नसेल तेव्हाच तो मुख्य कोड म्हणून चालतो.

म्हणून आधी डिस्चार्ज कार्डावरची शेवटच्या निदानाची ओळ वाचा, तक्रारीची नंतर.

मार लागलाय? मग इजेचा कोड घ्या. नाकाचं हाड मोडलं असेल तर एस०२.२, वरवरची इजा असेल तर एस००.३. जोडीला इजा कशी झाली त्याचा कोड हवाच. दुचाकीवरून पडला एवढं तरी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पोराने नाकात चिंचोका घातला असेल तर टी१७.१.

डेंग्यू असेल तर ए९७. त्यात धोक्याची लक्षणं नसली तर .०, असली तर .१, गंभीर असेल तर .२. नाकातून रक्त येणं हे धोक्याचं लक्षण धरतात खरं, पण तो आकडा कोडरने स्वतःच्या अंदाजाने बदलू नये. डॉक्टरांना विचारावं.

वॉरफरीनमुळे (रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे) रक्त थांबेना असं स्पष्ट लिहिलं असेल तर डी६८.३ आणि औषधासाठी वाय४४.२. ॲस्पिरिन यात ढकलू नका. ते प्लेटलेटवर काम करतं, त्याचा गट वेगळा.

सगळ्यात जास्त घोळ बीपीचा. कार्डावर बीपी १८०/११० दिसलं म्हणून ‘बीपीमुळे घोळणा फुटला’ हे आपण ठरवायचं नाही. घाबरल्यानेही बीपी चढतं. उच्च रक्तदाबाचं निदान लिहिलेलं असेल तरच आय१०, आणि आर०४.० वेगळा. निपाणीकडच्या पेशंटची तपकिरीची सवयही तशीच: नोंद करा, कारण म्हणून जोडू नका.

नाकामागून गिळलेलं रक्त उलटीत पडलं तर के९२.० लावू नका, तो पोटातल्या रक्तस्रावाकडे नेतो. खोकल्यातून आलेलं रक्त मात्र आर०४.२.

रक्त डाव्या नाकपुडीतून आलं की उजव्या, पुढून की मागून, हा फरक आर०४.० करत नाही. पॅकिंग केलं असेल, म्हणजे रक्त थांबवायला नाकात बोळा बसवला असेल, तर त्याची नोंद प्रोसिजरच्या रकान्यात.

टाइप करताना आर०४.० मधली दोन्ही शून्यं शून्यंच ठेवा. इंग्रजी ‘ओ’ पडला की सॉफ्टवेअरला कोड सापडत नाही.