रत्नागिरीला येताय? मग या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. दर वर्षी चेहरे बदलतात, चुका मात्र त्याच. त्यातली थोरली म्हणजे गणपतीपुळ्याला जाता जाता रत्नागिरी ‘करून टाकायची’. सकाळी नऊला गाडी येते, थिबा पॅलेस, किल्ला, टिळकांचं घर उरकतं, दुपारी सुरमई हाणली की तीनला मंडळी पुळ्याच्या वाटेला. अहो, निदान दोन मुक्काम तरी करा. इथे वार, ऊन आणि भरती या तिघांना विचारून बेत आखावा लागतो.

वाराचंच बघा. माझा मावसभाऊ शनिवार-रविवार पुळ्यात काढून सोमवारी सहकुटुंब थिबा पॅलेसच्या फाटकाशी हजर झाला. कुलूप! आत संग्रहालय आहे आणि सोमवारी ते बंद असतं. तुमचंही असं झालं तर हिरमुसू नका, शिवाजीनगरात जा. तिथे वस्तीतच थिबाची समाधी आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला पदच्युत केलं आणि 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. ज्या वाड्यापुढे सगळे फोटो काढतात तो बांधून झाला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये राजा गेला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम शेवटची सहा वर्षं त्याने त्या वाड्यात काढली. पॅलेस नावामुळे लोक झुंबरं, सिंहासन असलं काहीतरी शोधत येतात आणि ‘आत काही नाही’ म्हणत बाहेर पडतात. इंग्रजांनी कैद्यासाठी बांधलेलं ते घर आहे, हे डोक्यात ठेवून जिना चढा. मग तिथली शांतताही वेगळी वाटते. संध्याकाळी जवळच्या थिबा पॉइंटवर थांबा, खाली भाट्याची खाडी आणि समोर मावळता सूर्य.

दुसरी चूक रत्नदुर्गाची. किल्ला घोड्याच्या नालेसारखा पसरलाय, तीन बाजूंना समुद्र. लोक गाडी थेट भगवती मंदिराशी नेतात, दर्शन घेतात, तटावरून सेल्फी काढतात, झाला किल्ला बघून. भगवतीचं देऊळ बालेकिल्ल्यात आहे, दीपगृह दुसऱ्या टेकाडावर. दीपगृहात संध्याकाळी थोडाच वेळ सोडतात, त्यामुळे चारच्या सुमारास पोचावं आणि आधी तिकडे जावं. खाली मिरकरवाडा बंदरातल्या होड्या दिसतात. भर दुपारी इथे फिरण्यात अर्थ नाही, सावली नावाला मिळत नाही.

टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर लहान आहे, कौलारू. 23 जुलै 1856 ही तिथली तारीख. तिथून चालत पतितपावन मंदिरात जाता येतं, पण बहुतेक जण ते ‘आणखी एक देऊळ’ म्हणून गाळतात. सावरकर 1924 ते 1937 या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्यांच्याच पुढाकाराने, सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं हे मंदिर भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधलं, 1931 मध्ये. गाळण्यासारखं नाही.

आता समुद्र. इथे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इथली चूक अंगाशी येते. शहरातल्या मांडवी किनाऱ्याची वाळू काळी, तिथे जेटीवर बसून भेळ खायची, पोहायचं नाही. भाट्याचा किनारा लांबलचक आणि सुरूच्या सावलीचा, पण काजळी नदीच्या मुखाकडे पाण्यात उतरू नका. पुळ्याला तर पाण्याखालची वाळू एकदम खोल जाते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस दोन पावलांत गळ्यापर्यंत जातो आणि परतीची लाट त्याला ओढते. दर वर्षी तिथे माणसं बुडतात. स्थानिक माणूस ‘इथं नको’ म्हणाला तर हुज्जत घालू नका.

भरती कधी हे मोबाइलवर दिसतं, पण आमच्याकडचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. घड्याळ लावण्याइतका अचूक नाही, पण बेत आखायला पुरतो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आलात तर सूर्यास्ताला पाणी लांब गेलेलं, चालायला भरपूर वाळू. अष्टमीला त्याच वेळी लाटा पार वर आलेल्या. मुलांना किल्ले करायचे असतील तर पंचांग बघून या!

कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघायला लोक हौसेने जातात आणि निराश होऊन येतात. परवा एक ताई म्हणाल्या, ‘दादा, नुसता दगड होता हो.’ विचारलं, किती वाजता गेलात? साडेबारा. डोक्यावरच्या उन्हात सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळी पठारावरची, कोरीव रेघ दिसतच नाही. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर जा. तिरप्या उन्हात चरात सावली पडते आणि उक्षी गावचा हत्ती सोंडेसकट जमिनीतून वर येतो. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडूने गिरवणारे महाभाग असतात, तसलं काही करू नका. चित्रावर पाय देऊ नका. सोबत पाणी घ्या, सड्यावर झाड नसतं.

आंब्याची फसवणूक हा स्वतंत्र विषय. हायवेवर ‘अस्सल हापूस’ची पाटी बघून पेटी घेतली, घरी उघडली तर आत रद्दीवर कानडी अक्षरं. हा अनुभव माझा स्वतःचा आहे, आणि मी रत्नागिरीत राहतो! तेव्हापासून पेटी समोर उघडायला लावतो, खालच्या थरातलं एक फळ कापायला सांगतो. साल पातळ, गर केशरी, वास पेटीबाहेर यायला हवा. विकणारा कां कू करू लागला की पुढे चालायचं. ओळखीच्या बागायतदाराकडून कच्चा माल घेणं सगळ्यात बरं. घरी पेंढ्यात अढी घाला, फ्रिजमध्ये कोंबू नका. आणि मार्चच्या सुरुवातीला स्वस्त हापूस मिळाला म्हणून खूश होणाऱ्यांनी तर पावती जपून ठेवावी.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. ताज्या पापलेटचा हट्ट धरलात तर बर्फातलं मिळेल. त्या दिवसांत खाडीचं काही आलंय का विचारा, नाहीतर फणसाची भाजी नि कुळथाचं पिठलं खा. खानावळी दुपारी तीनला आवरतात, साडेतीनला जाऊन थाळी मागू नका.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एवढंच: स्टेशन शहरात नाही, सहा-सात किलोमीटर लांब कुवारबावकडे आहे. पहाटेच्या गाडीने जायचं असेल तर रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि त्याचा फोन नंबर घ्या. आंब्याची पेटी असेल तर तेही सांगा, नाहीतर तो दोन पेट्या आणि आजी एकदम बघून डोकं खाजवत उभा राहतो.