सांगलीत फोक बँड काढायचाय? बँजो नंतर घ्या, आधी हलगीवाला शोधा

मागच्या महिन्यात तासगावच्या भाच्याचा फोन, मामा आम्ही पाच जण मिळून फोक बँड काढतोय, नाचायला लावणारा, टाळ्याबिळ्यांचा, ते परदेशी बँड असतात ना तसला, तर बँजो ऑनलाईन मागवू का, बावीस हजाराचा आहे. मागं माझे दाजी बसलेले, ते म्हणाले बँजो घेऊन वरातीत वाजवणार का रे? आता दाजींचंही चूक नाही, आपल्याकडं बेंजो म्हणजे ते बटणांचं बुलबुल तरंग, टेम्पोवर कर्णे लावून वाजतं ते. भाचा म्हणतो तो बँजो वेगळा, गोल, पुढं डफासारखं कातडं आणि त्याला गिटारसारखा दांडा. दोघांचं भांडण फोनवरच सुरू झालं म्हणून मी ठेवला आणि म्हटलं हे नीट लिहूनच काढावं. आम्ही सहा वर्षं असला बँड चालवलाय, बंद पडला तो नोकऱ्या आणि लग्नांमुळं, त्यामुळं काय चालतं काय नाही एवढं मला सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे हे बँड वर येतात कसे ते बघा, नुसते रील बघू नका. ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन हा आइसलँडचा बँड, 2010 ला त्यांच्याकडची नव्या बँडची स्पर्धा जिंकला, मग त्याच साली सिॲटलच्या एका रेडिओवाल्यांनी त्यांना एका घराच्या हॉलमध्ये बसवून रेकॉर्ड केलं, आणि 2012 ला त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेच्या टॉप टेनमध्ये. त्यावेळी अख्ख्या आइसलँडची लोकसंख्या सव्वातीन लाखाच्या आत होती. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 2011 च्या जनगणनेत 5 लाखाच्या वर. म्हणजे आमच्या गावात ऐकणारं कोण आहे हे रडगाणं आधी बंद करा. अमेरिकेचा द ल्युमिनिअर्स बँड, ते 2009 ला न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडचा भाग सोडून डेन्व्हरला गेले, तिथं ओपन माईकला, म्हणजे कुणीही येऊन वाजवावं अशा कार्यक्रमांना वाजवत राहिले, चेलो म्हणजे ते मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, ते वाजवणारी मुलगी त्यांना इंटरनेटवरच्या छोट्या जाहिरातीतून मिळाली. मोठ्या शहराकडनं लहान शहराकडं गेले, हे लक्षात घ्या, इथं प्रत्येकाला आधी पुण्याला जायचं असतं.

आणि या सगळ्यांत एकच गोष्ट सारखी आहे, त्यांच्या कोरसला समोरचा माणूस आपोआप तोंड उघडतो. मधेच सगळे मिळून "हे!" म्हणून ओरडतात, पाय आपटतात, टाळ्या देतात. आता मला सांगा हे कुणाला शिकवताय? पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी "जी जी रं जी" म्हणून झील धरतात ते काय आहे? भजनात बुवा म्हणतो आणि मागं पन्नास माणसं टाळ कुटत उचलतात ते काय आहे? पठ्ठे बापूराव आपल्या वाळवा तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, तोच तालुका. काळू-बाळूंचा तमाशा कवलापूरचा, सांगलीपासनं गाडीवर किती मिनिटं लागतात बघा. तर झील जमली तर बँड जमला, बाकी कपडे, टोप्या, लोगो सगळं नंतर.

माणसं किती? पाच पुरेत, चार चालतात, सातच्या वर गेला तर प्रॅक्टिसला कधीच सगळे एकत्र येत नाहीत, कुणाचा तरी कांदेपोह्याचा कार्यक्रम असतोच. एक गिटार, एक पेटी, एक मँडोलिन किंवा व्हायोलिन, एक तालवाला, आणि गाणारे किमान तीन, वाजवता वाजवता गाणारेच घ्या. फक्त गाणारा आणि बाकी काहीच न करणारा एक जण असला की तो थोड्या दिवसांत हिरो होतो आणि बाकीचे ऑर्केस्ट्रा. पूर्ण ड्रमसेट नको. ममफर्ड अँड सन्स या इंग्लंडच्या फोक बँडचा गायक गिटार वाजवत पायानंच किक ड्रम, म्हणजे ड्रमसेटमधला खालचा मोठा ड्रम, मारायचा. आम्ही त्याहून स्वस्तात केलं, आईच्या देवघरातला जुना लाकडी पाट घेतला, खाली गोणपाट टाकलं, बाजूला माईक आडवा ठेवला आणि त्यावर बुटाची टाच. असला धडधडीत आवाज येतो की विचारू नका. नवा पाट घेऊ नका, जुना वाळलेला असतो, त्याचाच आवाज घुमतो.

आता हलगी. माझं ठाम मत आहे की सांगली-साताऱ्याकडच्या फोक बँडला हलगी पाहिजेच, पण ती हाताळायला शिकायला लागतं. कातड्याची हलगी दमट हवेत उतरते. आमचा एक कार्यक्रम जुलैत होता, बंद हॉल, एसी, बाहेर धो धो पाऊस. आमच्या हलगीवाल्यानं पहिली काडी मारली आणि टण्ण ऐवजी भद्द असा आवाज, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. तो शांतपणे उठला, हॉलच्या मागं गेला, दोन जुने पेपर पेटवले आणि हलगी त्या जाळावर गोल गोल फिरवायला लागला, मधेच बोटानं टिचकी मारून ऐकायचा, परत फिरवायचा. वॉचमन आला, आग लावताय काय म्हणून शिव्या दिल्या, मी त्याला चहा पाजायला घेऊन गेलो तोवर इकडं हलगी चढली. तर कार्यक्रमाच्या आधी शेकायला जागा कुठं आहे हे विचारून ठेवा, उन्हाळ्यात नुसतं उन्हात ठेवली तरी भागतं. फायबरच्या पानाची नट-बोल्टवाली पण मिळते, पावसाळ्यात कामाला येते, आवाज मात्र पत्र्यासारखा, मला नाही आवडत.

दुसरं, हलगी गिटारला खाऊन टाकते. तिला माईक देऊ नका, मागं उभं करा आणि गाण्याच्या सुरुवातीपासून वाजवू नका. पहिलं कडवं नुसती गिटार आणि एक आवाज, मग कोरसला पाट आणि टाळ्या, दुसऱ्या कडव्याला पेटी, आणि दुसऱ्या कोरसला हलगी सोडा. लोक खुर्चीतनं उठतात ते तिथं. शेवटच्या कोरसच्या आधी सगळं बंद करून फक्त टाळ्या आणि आवाज ठेवायचे, मग परत सगळं एकदम. युक्ती जुनी आहे पण दरवेळी चालते.

आणि हलगीवाल्याला कार्यक्रमापुरतं बोलावलेलं माणूस म्हणून वागवू नका. ज्या घरांनी ही वाद्यं पिढ्यानपिढ्या वाजवली त्यांना आपण मांडवाबाहेर उभं केलं, आणि आता आपल्याला त्यातनं कूल व्हायचंय. तो मेंबर आहे, मानधनाचा वाटा बरोबरीचा, पोस्टरवर नाव, चहा पण बरोबरच. हे जमणार नसेल तर काखोन, म्हणजे ते बसून वाजवायचं लाकडी खोकं, घ्या, डफली घ्या, हलगीला हात लावू नका.

सुराचं एक झंझट आधीच सांगतो, आमचे दोन महिने त्यात गेले. पेटीवाला पट्टी सांगताना म्हणतो काळी एक, गिटारवाला म्हणतो सी शार्प, आणि दोघं एकमेकांकडं परग्रहावरनं आल्यासारखं बघतात. एकच आहे ते. गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि सी कॉर्डचा शेप धरा, झाली काळी एक. पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प, असा तक्ता करून पेटीच्या झाकणावर चिकटवा. आणि जुनी पेटी मोबाईलच्या ट्यूनरला बरोबर जुळेलच असं नाही, तिचे सूर प्रॅक्टिसच्या वेळी ओढता येत नाहीत, म्हणून गिटार आणि मँडोलिननं पेटीला जुळवून घ्यायचं, उलटं नाही. कोरस पाच-सहा सुरांच्या आतच ठेवा. तुमचा गायक वरचा सा लावतो हे कौतुक घरी, समोरच्या काकांना तो लागला पाहिजे.

वाद्यं दुरुस्तीला पुण्याला पाठवायची गरज नाही. मिरजेला कित्येक पिढ्यांपासनं सतारी आणि तंबोरे बनतात, 2024 ला त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. आमच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची खालची पट्टी, उखडला होता, तिथल्या एका कारागिरानं आधी नाक मुरडलं, मग बसवून दिला, वर म्हणाला तुमच्या या वाद्याला जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेतला तो झंकार, नाही, कोरडं वाजतंय. खरंय की. मग आम्ही एका गाण्यात खाली तंबोरा धरला आणि तेच गाणं लोकांना जास्त आवडलं.

गाणी कुठनं आणायची? परदेशी बँडचे शब्द मराठीत करू नका, डोंगर, आग, सिंहाचं काळीज असलं काही आपल्याला शोभत नाही. रोज जे बोलता ते घ्या. आमचं सगळ्यात चाललेलं गाणं पुराचं होतं. सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला भेटला की जेवलास का विचारत नाही, "फूट किती झालं?" विचारतो, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती. 45 फूट म्हणजे धोका, हे इथं पोराटोरांना पाठ असतंय. तर आमचा कोरस एवढाच, गाणारा विचारणार "फूट किती?" आणि सगळ्यांनी ओरडायचं "पंचेचाळीस!" 2019 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं ती माणसं सगळ्यात मोठ्यानं ओरडायची, हसत हसत. पहिल्यांदा मला वाटलेलं लोक चिडतील. एका आजीनं कार्यक्रमानंतर हात धरला आणि म्हणाली, आमच्यात माळ्यापर्यंत आलंतं, पुढच्या वेळी माळा घाल गाण्यात. घातला.

घरातल्या ओव्या घेतल्या तर छानच, पण गीतकार म्हणून स्वतःचं नाव टाकू नका, पारंपरिक लिहा आणि कुणाकडनं ऐकली ते स्टेजवर सांगा. पारंपरिक गाणं कुणाच्या मालकीचं नसलं तरी कुणीतरी केलेलं त्याचं रेकॉर्डिंग आणि अरेंजमेंट त्यांची असते, ती जशीच्या तशी उचलायची नाही.

गाणं झालं की चाचणी घ्या. दहा-बारा माणसांसमोर एकदाच वाजवा, मग अर्धा तास गप्पा मारा आणि निघताना कोण गुणगुणतंय का बघा. कुणीच नाही, तर कोरस बदला, माईक बदलून काही होत नाही.

वाजवायचं कुठं, तर कॅफेच्या मागं लागू नका एवढ्यात. तिथं लोक बोलायला आलेले असतात, तुम्ही म्हणजे मागं घरघरणारा पंखा. घराचं अंगण, वाड्याचा चौक, गच्ची, सतरंजीवर पंचवीस माणसं, माईक नाही, भडंग आणि चहा, अशा कार्यक्रमांनी सुरुवात करा. माईकशिवाय पंचवीस माणसं धरून ठेवता आली की पुढं दोनशे जमतात. आम्ही पहिले अकरा कार्यक्रम असेच केले. त्यानंतर गल्लीचं गणपती मंडळ, मधले दिवस त्यांना रिकामेच असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत कॉलेजची गॅदरिंग. साताऱ्याची पोरं असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलं बघायला गर्दी येते, त्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, संध्याकाळी त्या लोकांना करायला काही नसतं. साऊंड लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी आयोजकानं काढलीय का ते स्वतः बघा, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद असतो. आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडी काढू नका. एका ठिकाणी आम्हाला दोन डीजेंच्या मधे वीस मिनिटं दिली, वर मानधनाच्या जागी नारळ आणि शाल. शाल अजून आहे, कुत्र्याच्या अंथरुणात.

रेकॉर्डिंग लगेच करू नका, वीसेक कार्यक्रमांनंतर करा, तोवर गाण्याचा वेग आपोआप ठरतो. भिंतींना गाद्या आणि रजया, पंखा बंद, रात्री दोननंतर, कारण त्याआधी ट्रॅक्टर आणि कुत्री. माईक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस दोन माईकचा साधा असला तरी पुरतो. गिटारचा माईक मधल्या भोकासमोर धरू नका, घुमतं, बाराव्या फ्रेटकडं तोंड करून वीतभर लांब ठेवा. टाळ्या आणि झील मात्र सगळ्यांनी एका माईकभोवती उभं राहून चार वेळा रेकॉर्ड करा आणि एकावर एक चढवा, पाच जणांचे वीस होतात. गाणं ॲपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडं ते महिनाभर आधी टाका, स्पॉटिफायच्या प्लेलिस्टला पाठवायचं तर रिलीजच्या किमान 7 दिवस आधी पाठवायला लागतं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती टक्के, हे कागदावर लिहून पाचही जणांच्या सह्या घ्या, मैत्री घट्ट आहे तोवरच घ्या. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसची, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेची मेंबरशिप काढा, थोडे का होईना पैसे येतात.

नावावर मात्र वेळ घालवू नका, आम्ही तीन महिने घालवले आणि शेवटी लोक आम्हाला "ते फूट किती वाले" असंच म्हणायचे.

भाच्यानं बँजोची ऑर्डर कॅन्सल केली का ते अजून सांगितलेलं नाही. पण काल रात्री साडेअकराला त्याचा चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला, मागं दाजी ओरडतायत, झोपू द्या लोकांना, आणि पुढं कुणीतरी हलगी वाजवतंय, भद्द भद्द. शेकून घे म्हणून कळवलंय.