घातक कचरा हाताळणाऱ्यांना ट्रेनिंग देताय? हाताने करून घ्या

दोन तास स्लाइड दाखवल्या, रजिस्टरवर सह्या घेतल्या, झालं ट्रेनिंग, असं कृपा करून करू नका. खऱ्या केमिकलला हात लागायच्या आधी प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून करून घ्यायची, आणि बोलायचं ते त्यांना रोज कळतं त्या भाषेत.

सुरुवात ग्लोव्हजपासून करा. घालता सगळ्यांना येतात, काढता येत नाहीत. मी काय करते, ग्लोव्हज घातले की त्यावर पातळ पोस्टर कलर फासते आणि म्हणते आता काढा. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या मनगटाला रंग लागतोच, एकाने तर घाम पुसायला तोच हात कपाळाला नेला, लाल पट्टा उमटला आणि बिचारा एकदम गप्पच झाला. मग सावकाश दाखवायचं, एका ग्लोव्हची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरून उलटा करत ओढायचा, तो दुसऱ्या मुठीत धरायचा, मग मोकळ्या हाताची बोटं दुसऱ्या ग्लोव्हच्या आतून सरकवून तोही उलटा काढायचा, पहिला आपोआप त्याच्या पोटात जातो. रंग न लागता तीनदा जमल्याशिवाय सोडायचं नाही.

आणि एकच ग्लोव्ह सगळ्याला चालत नाही हेही सांगा. नायट्राइलचा (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचा) ग्लोव्ह तेलाला चांगला, पण पातळ नायट्राइलमधून अ‍ॅसिटोन काही मिनिटांत आत येतं. तसंच धुळीचा मास्क केमिकलची वाफ अडवत नाही, त्याला त्या वाफेसाठीचं कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची फिल्टरची डबी, लागतं.

सेफ्टी डेटा शीटचे, म्हणजे केमिकलबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचे, 16 भाग पाठ करायला लावू नका. भाग 4 मध्ये प्रथमोपचार, 8 मध्ये काय घालायचं, 10 मध्ये कशाबरोबर ठेवायचं नाही, एवढं मिनिटभरात शोधता आलं की पुरे. पण कचऱ्यात घोळ असा की बऱ्याचदा लेबलच नसतं. तेव्हा उघडायचं नाही, ओतायचं नाही, वास तर अजिबात घ्यायचा नाही, बाजूला व्हायचं आणि सुपरवायझरला बोलवायचं. वासावर भरवसा ठेवणारे जुने लोक असतात, त्यांना हायड्रोजन सल्फाइडचं, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या विषारी गॅसचं, उदाहरण द्या, साधारण 100 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच उभा राहतो.

‘थोडंसंच आहे, त्याच ड्रममध्ये टाक’ ही सवय मोडायलाच हवी. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन हा विषारी गॅस, सायनाइडमध्ये अ‍ॅसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड, तोही विषारी गॅसच. फुगलेला ड्रम दिसला तर हलवू नका, झाकण सैल करायला जाऊ नका. टाकीत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, हे कितीही जिवावर येत असलं तरी परत परत सांगा, वाचवायला गेलेलेही अनेकदा तिथे जीव गमावतात.

शेवटी आयवॉश, म्हणजे डोळ्यात केमिकल गेलं तर डोळे धुवायचा नळ. डोळ्याला पट्टी बांधा, एक सोबती बाजूला ठेवा आणि कामाच्या जागेवरून आयवॉशपर्यंत चालायला लावा, 10 सेकंदांत पोचता आलं पाहिजे. डोळे 15 मिनिटं धुवायचे असतात, म्हणून मग घड्याळ लावून 15 मिनिटं म्हणजे किती ते उभं राहून बघू द्या, कारण लोक दोन मिनिटांत नळ बंद करतात. वाटेत कुणी अडखळलं तर तिथल्या पेट्या त्याच दिवशी हलवा आणि परत चालवा.