तुरुंगात साधनेची वही कशी ठेवावी

हा लेख ज्याच्यासाठी आहे, त्याच्या हातात मोबाइल नाही. म्हणून आत ज्यांचं माणूस आहे त्यांनी तो वाचावा आणि पुढच्या पत्रात स्वतःच्या हाताने उतरवून पाठवावा. माझा धाकटा भाऊ अकरा महिने कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी होता. त्या काळात त्याने साधनेची, म्हणजे प्रार्थनेला जोडून रोज आपल्या मनाविषयी लिहायची, शंभर पानी वही भरली. इथे सांगते ते बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं आहे.

आधी वही

साधी, शिवलेली, पातळ पुठ्ठ्याची वही बरी. तारेची वही बहुधा गेटवरच अडते. आतल्या कॅन्टीनमध्ये वही-पेन मिळत असेल तर घरून पैसे पाठवावेत आणि तिथूनच घ्यायला सांगावं. नाहीतर मुलाकातीला जाण्याआधी काय आत सोडतात ते विचारून घ्यावं. वहीची पानं फाडू नयेत, फाटक्या पानांवरून झडतीत उगाच प्रश्न निघतात. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांना सुटे कागद मिळत नसत. पानं मोजलेल्या बांधीव वह्या आणि टोक करून दिलेल्या पेन्सिली यांवर त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून काढलं.

काय लिहायचं नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. वही झडतीत उघडली जाऊ शकते, जप्तही होऊ शकते. म्हणून खटल्याविषयी, घटनेविषयी, साक्षीदारांविषयी वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नये. बराकीतल्या कुणाचं नाव लिहू नये आणि कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट तर नाहीच नाही. भावाने सुरुवातीला शेजारच्या माणसाचं दुःख नावानिशी लिहिलं. ते पान तिसऱ्याच्या हाती पडलं आणि दोघांमधलं बोलणं कित्येक आठवडे बंद झालं.

एवढं वगळलं की उरतं ते आपलं मन. वही त्याचीच आहे.

वेळ ठरवणं

संध्याकाळी बराकीला कुलूप लागलं, गिनती म्हणजे कैद्यांची मोजणी झाली, की रात्र फार लांब असते. बराकीत दिवा रात्रभर चालू असतो, त्यामुळे उजेडाची अडचण नाही, अडचण गोंगाटाची. भाऊ पहाटे, बाकीचे उठायच्या आत लिहायचा. कुणाला नमाजनंतर, कुणाला हरिपाठ म्हटल्यावर, कुणाला डोळे मिटून श्वासाकडे पाहिल्यावर सोपं जाईल. प्रार्थनेला जोडून लिहावं. प्रार्थना चुकली नाही तर वहीही चुकत नाही. दहा मिनिटं आणि पाच-सहा ओळी पुरतात.

रोज काय लिहावं

वर तारीख घालावी. त्याखाली आज वाचलेली किंवा आठवलेली एखादी ओळ: ओवी, आयत, वचन, आईने म्हटलेलं काहीही. मग त्या ओळीचा आजच्या दिवसाशी काय संबंध लागला ते लिहावं. भात घेताना रांगेत राग आला का? तो कुठे गेला, की अजून छातीत आहे? ‘मन शांत झालं’ असं लिहायची घाई करू नये. ‘राग आला, शिवी दिली, नंतर पाणी प्यायलो’ ही खरी नोंद आहे.

देवावर राग असेल तर तोही लिहावा. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाशी भांडले आहेत; त्या भांडणात भक्ती कमी पडली असं आपल्याकडे कुणी मानलं नाही. आणि ही वही कबुलीजबाब नव्हे. कच्च्या कैद्याचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो, त्याने पश्चात्तापाचं नाटक करू नये. ज्याला खरंच कुणाची क्षमा मागायची आहे, त्यानेही ती मनातल्या मनात मागावी. तपशील वहीत नको.

आठवड्यातून एकदा थोडं लांब लिहावं. १९३० साली येरवड्यात गांधीजी दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर आश्रमाला पत्र लिहीत आणि एकेका पत्रात एकेक व्रत घेत: सत्य, अहिंसा, अस्वाद (जिभेच्या चवीसाठी न खाणं). तशी एक गोष्ट आठवडाभर धरता येते. या आठवड्यात खोटं बोलायचं नाही, एवढंच धरलं तरी वही भरते.

काही दिवस काहीच सुचत नाही. तेव्हा तारीख घालून ‘आज काही नाही’ लिहावं आणि वही मिटावी.

लिहिता येत नसेल तर

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. विनोबांना अर्थातच लिहिता येत होतं, पण एकाने बोलावं आणि दुसऱ्याने लिहावं ही रीत आपल्या तुरुंगांना नवी नाही. विश्वासातला एखादा लिहिणारा मिळाला तर दोघांचीही साधना होते. तोवर चित्र काढावं, जपाच्या रेघा ओढाव्यात.

एक सूचना

जीव नकोसा वाटत असेल तर ते फक्त वहीत ठेवू नये. त्याच रात्री शेजारच्याला उठवावं, पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारावी, सकाळी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सांगावं. घरच्यांच्या पत्रात असा सूर दिसला तर त्यांनी मुलाकातीची वाट न पाहता तुरुंग अधीक्षकांच्या कार्यालयाला कळवावं.

वही सांभाळणं

वही हरवू शकते. म्हणून आवडलेली ओळ घरी येणाऱ्या पत्रात उतरवावी. पत्रही वाचलं जातं हे लक्षात ठेवून. माझ्याकडे अशा तेवीस ओळी आहेत. सुटकेच्या दिवशी घाईत वही मागे राहते, म्हणून ती कपड्यांच्या पिशवीत आधीच ठेवावी. आणि घरी आल्यावर ती कुणी उघडू नये, वाचायलाही मागू नये. भावाची वही त्याच्या कपाटात आहे. त्याला वाटेल तेव्हा तो दाखवेल.